रुग्णसाहित्य केंद्राच्या नोंदी: एक खोली, चार माणसं आणि न परतलेल्या वस्तू

आजारपणापुरत्या लागणाऱ्या वस्तू, म्हणजे वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, खाटा, लोकांना फुकट वापरायला द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या, एवढंच हे काम. कुणी असंच काही सुरू करणार असेल तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत म्हणून नोंदी ठेवल्या, आणि पुढे कळलेलं त्यात मागाहून भरत गेले. त्यात माणसांबद्दलच जास्त लिहिलं गेलंय. वस्तू दुरुस्त करायला आमच्याकडे काका होते. बाकीच्या बिघाडांना कुणी नव्हतं.

४ जानेवारी

वडील गेल्यावर घरात तीन वस्तू उरल्या. वॉकर पाच आठवडे वापरला होता, कमोड खुर्ची तीन आठवडे आणि व्हीलचेअर मोजून चार वेळा. तिन्ही नव्यासारख्या. मैत्रिणीच्या घरी पलंगाखाली कुबड्यांची जोडी, शेजारच्यांकडे माळ्यावर आणखी एक वॉकर. एकाच इमारतीत इतकं सामान निजून आहे, मग गरज असलेले लोक नवं का विकत घेताहेत?

आम्ही चौघं: मी, नोंदवही सांभाळणारी मैत्रीण, फिटर म्हणून निवृत्त झालेले काका आणि ने-आण करणारा कॉलेजातला एक मुलगा. पहिल्याच बैठकीत मुलाने मोबाइलवरून वाचून दाखवलं की जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून जास्त लोकांना चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंत असं एखादं तरी साधन लागतं. काका म्हणाले, "आपल्याकडे वॉकर दोन आहेत."

नियम ठरवला: अनामत नाही, पावती नाही, सगळं विश्वासावर. नोंदवहीत तीन रकाने, नाव, फोन आणि वस्तू. परतीच्या तारखेचा रकाना आखलाच नाही. मीच म्हणाले होते, "आजारी माणसाच्या घरच्यांना तारीख काय विचारायची, बरं दिसत नाही." या एका वाक्याने पुढे आमचे सहा महिने खाल्ले.

१९ जानेवारी

"वापरात नसलेलं साहित्य द्या" असं आवाहन केलं आणि दोन आठवड्यांत २७ वस्तू आल्या. खोली भरली, आम्ही फोटोबिटो काढले. मग काकांनी एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली. वापरण्याजोग्या ११.

बाकीच्यांत काय होतं? एका बाजूचा ब्रेक नसलेली व्हीलचेअर. पंप नसलेली हवेची गादी. तीन पायांचा वॉकर (चौथा पाय "देतो शोधून" म्हणाले, अजून शोधताहेत). औषधांच्या दोन पिशव्या, निम्म्यांची मुदत संपलेली. ती आम्ही घ्यायलाच नको होती. कुठलं औषध कुणाला देणार?

मी भडकले. दान करताय की अडगळ काढताय, असं एकाला तोंडावर म्हणालेसुद्धा.

त्याच संध्याकाळी एक बाई खाट घेऊन आल्या. खाटेचं हँडल फिरत नव्हतं, पत्रा गंजलेला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि बोलू लागल्या. नवरा या खाटेवर १४ महिने होता. रात्री कुठल्या कुशीवर झोपायचा, हँडल कधी बिघडलं, मग पाठीला उशा कशा लावायच्या. चाळीस मिनिटं. खाट भंगारात गेलेली त्यांना बघवली नसती, घरात ठेवणंही जमत नव्हतं. त्यांना ती कुणाच्या तरी हवाली करायची होती, आणि हवाली करताना सगळं सांगायचं होतं.

तेव्हापासून दोन बदल केले. वस्तू दारातच तपासायची आणि स्पष्ट सांगायचं: "दुरुस्त झाली तर देऊ, नाहीतर सुटे भाग काढून दुसरीला लावू. चालेल?" बहुतेकांना चालतं. सुटा भाग दुसऱ्या खाटेत जाणार हे ऐकून त्या बाईंना तर बरंच वाटलं. दुसरा बदल म्हणजे फोनवर आधीच एक प्रश्न विचारायचा: "ही वस्तू आज तुमच्याच घरातल्या माणसाला वापरायला द्याल का?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "नाही हो, तशी ती मोडकीच आहे." अडगळ निम्म्याने कमी झाली, आणि कुणाचा अपमानही झाला नाही.

वस्तू घेताना ऐकायला वेळ लागतो, तो धरूनच चाला. आम्ही एका वस्तूला दहा मिनिटं धरली होती. खरी लागतात अर्धा तास.

२ फेब्रुवारी

दुरुस्तीची नोंद, काकांनी सांगितली तशी.

व्हीलचेअर जड चालते अशी तक्रार असेल तर आधी पुढची लहान चाकं उघडा. धुरीवर केस आणि दोऱ्यांचा गुंता असतो. दहापैकी सात खुर्च्यांना एवढंच झालं होतं. मागच्या चाकात हवा कमी असेल तर ब्रेक पकडत नाही, लोक ब्रेकला दोष देतात. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं झिजून गुळगुळीत झाली असतील तर वॉकर द्यायचाच नाही, ओल्या फरशीवर तो घसरतो. टोपणं स्वस्त असतात. जास्तीची डझनभर आणून ठेवा.

माझी चूक: निर्जंतुक करायचं म्हणून सगळं साहित्य ब्लीचच्या कडक पाण्याने पुसलं आणि तसंच वाळू दिलं. आठवड्यात सांध्यांवर गंजाचे ठिपके आले आणि दोन खुर्च्यांच्या रेक्झिनला भेगा पडल्या. बरोबर पद्धत अशी: आधी साबणाच्या पाण्याने मळ काढा, कारण मळावर ब्लीच चालत नाही. मग पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी ४९ भाग, म्हणजे ०.१ टक्के झालं. ते लावून दहा मिनिटं थांबा, मग साध्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. दोन रेक्झिन आसनं नवीन शिवून घ्यावी लागली.

काकांबद्दल थोडं. ते दुपारी चारला येतात, साडेसहाला जातात. येताना कुणाला विचारत नाहीत, जाताना सांगत नाहीत. समाजसेवा हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. सुरुवातीला आम्हा चौघांसह अकरा स्वयंसेवक होते. पहिल्या बैठकीत सगळ्यात कमी बोललेला माणूस हाच, आणि सगळ्यात नेमाने टिकलेलाही हाच. सगळ्यात जास्त बोललेली मी. मला दर दोन महिन्यांनी सोडून द्यावंसं वाटतं.

१६ फेब्रुवारी

आमच्या वॉकरवरून एक आजी पडल्या. फार लागलं नाही, पण ते नशीब. आम्ही उंची न मोजता वॉकर दिला होता. तो त्यांना ठेंगणा होता, त्या वाकून चालत होत्या.

ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना बोलावून शिकून घेतलं. माणूस सरळ उभा, हात सैल सोडलेले, तेव्हा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं, १५ ते ३० अंश. कुबडी काखेला टेकता कामा नये, दोन-तीन बोटांची जागा हवी आणि भार तळहातावर हवा. काखेवर भार टाकून लटकलं तर तिथली नस दाबली जाऊन हात बधिर होतो. हे कागदावर लिहून प्रत्येक वस्तूला बांधतो आता.

पण खरी अडचण मोजमापाची नव्हतीच. न्यायला येतो मुलगा किंवा सून. रुग्ण कधीच येत नाही. उंची किती विचारलं तर "माझ्याएवढीच." आणि वस्तू स्वतःसाठी न्यायला आलेला माणूस तसं कबूल करत नाही. "शेजाऱ्यांसाठी हवाय" म्हणत स्वतः भिंतीला धरून उभे असलेले एक गृहस्थ मला आठवतात. मी मूर्खासारखं विचारलं, "मग शेजाऱ्यांची उंची?" ते निघून गेले, परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून मैत्रीण अशा वेळी म्हणते, "काका, तुम्हीच धरून बघा ना, अंदाज येईल." आणि गुपचूप मूठ खालीवर करून घेते. तिच्याकडून मी जितकं शिकले तितकं कुणाकडूनच नाही. ती मात्र म्हणते, त्यात काय एवढं.

कमोड खुर्चीचं तेच. कुणी म्हणायचं अंधार पडल्यावर येतो, कुणी म्हणायचं मागच्या दाराने देता का. आम्ही जुन्या चादरींची खोळ शिवली. खोळ घातली की ती नुसती खुर्ची दिसते. अंधारात येणं बंद झालं. खोळ शिवायला मैत्रिणीला एक दुपार लागली. लोकांना "यात लाजायचं काय" हे समजावण्यात त्याआधी आम्ही दीड महिना घालवला होता.

१० मार्च

मोबाइलवरच्या गटात आम्ही ६४ जण आहोत. काल सकाळी लिहिलं: "एक खाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची आहे, दोन जण हवेत." ५१ जणांनी वाचलं. नऊ जणांनी हात जोडले, दोघांनी फूल पाठवलं. आलं कुणीच नाही. खाट मी आणि त्या मुलाने उतरवली, माझी पाठ अजून दुखतेय.

रात्री गटात काहीतरी जळजळीत लिहिणार होते. मैत्रिणीने अडवलं, आणि बरं झालं. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग वाचला होता, तो तेव्हा आठवला. पलीकडे कुणाला तरी फेफऱ्याचा झटका आलाय असं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला आपण एकटेच आहोत असं वाटलं तर झटका ओसरायच्या आत ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तर ३१ टक्केच. माणसं तीच, फक्त "कुणीतरी जाईल" ही सोय उपलब्ध झाली. माझ्या संदेशाने तीच सोय ६४ जणांना घरपोच केली होती.

आज पुढच्या खेपेसाठी तिघांना वेगवेगळा फोन केला: "शनिवारी अकरा वाजता, वीस मिनिटांचं काम, तू येशील का?" दोघं हो म्हणाले, एकाने नाही म्हणून दुसऱ्याचं नाव सुचवलं. गट आता फक्त वेळापत्रकासाठी ठेवलाय.

२८ मार्च

दिलेल्या वस्तू ३४. परत आलेल्या ९. गरज संपल्याचं आम्हाला पक्कं ठाऊक असलेल्या किमान वीस. लोक किती बेइमान असतात यावर मी तासभर बोलले. काका चाकाची बेअरिंग पुसत होते.

मग यादी घेऊन फोन करायला बसले. आवाज चढलेलाच होता. पाचव्या फोनवर म्हणाले, "खाट कधी परत करताय? दोन महिने होऊन गेले." पलीकडचा मुलगा म्हणाला, "हो, नेऊन देतो. बाबा सोमवारी गेले." तो गुरुवार होता.

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी पुढचा एकही केला नाही.

आता फोन असा करतो: "केंद्रातून बोलतेय, सहज फोन केला." आणि थांबायचं. खाटेचं नाव काढायचं नाही, तब्येतीचंही विचारायचं नाही, कारण तेही चुकू शकतं. पलीकडचा माणूस स्वतः सांगतो. काही लोक दहा मिनिटं बोलतात आणि शेवटी स्वतःच म्हणतात, अहो ती तुमची खाट. शांत राहायचं हे मला फार जड गेलं. आमच्या कॉलेजातल्या मुलाला पहिल्या फोनलाच जमलं.

१५ एप्रिल

दंड लावला. महिन्यानंतर दर दिवसाला थोडी रक्कम. कल्पना माझी, विरोध मैत्रिणीचा, मत तीन विरुद्ध एक.

२४ मे

दंडाचा हिशेब. परतावा सुधारला नाही, उलट लांबला. पूर्वी उशीर झाला की लोक ओशाळायचे, "राहून गेलं हो" म्हणायचे. आता येतात, पैसे टेबलावर ठेवतात आणि वस्तू आणखी महिनाभर नेतात. एक गृहस्थ म्हणाले, "पुढच्या दोन महिन्यांचे आत्ताच घेऊन टाका, कटकट नको." त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. आम्ही त्यांना भाडं सांगितलं होतं आणि ते भाडं देत होते. व्हीलचेअर त्यांच्या गॅलरीत उभी होती आणि तिच्यावर कुंड्या होत्या.

मैत्रिणीने तेव्हा एका अभ्यासाचा कागद माझ्यापुढे ठेवला (तिने तो एप्रिलमध्येच वाचला होता, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते म्हणे). उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा, २००० साली प्रसिद्ध झालेला. इस्रायलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या सहा ठिकाणी दंड लावला. उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. दंड रद्द केला तरी संख्या खाली आली नाही.

शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. आम्ही त्याच दिवशी दंड काढला. नव्याने आलेल्या लोकांवर परिणाम नव्हता, पण दंडाच्या काळात वस्तू नेलेल्यांशी बोलण्यात तो कोरडेपणा पुढे बराच काळ राहिला. "आता दंड नाही ना? मग काय घाई आहे."

२० जून

दंड गेल्यावर अनामत आणली. नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीएवढी, परत केली की पूर्ण परत. शहाणपणाचं वाटलं. तीन आठवड्यांनी मुलाने लक्षात आणून दिलं की खोलीत येऊन काहीही न नेता गेलेल्यांची आपण नोंदच ठेवत नाही. त्याने आठवून सांगितलं: निदान तिघं. एक बाई दारातली पाटी वाचूनच वळल्या होत्या. फुकट केंद्र चालवतो म्हणून आमची मान ताठ, आणि ज्यांच्यासाठी चालवतो ते पाटी वाचून परत जात होते. नियमाने कोण आत आलं ते वहीत दिसतं, कोण आलं नाही ते दिसत नाही. आता एक वेगळं पान त्यासाठी आहे.

अनामत आता ज्याला जमेल त्याने जमेल तेवढी द्यायची. नसेल तर ओळखीच्या एकाचं नाव आणि फोन. पाटी काढली, हे तोंडी सांगतो.

आणि मग ती गोष्ट, जी पहिल्या महिन्यातच कळायला हवी होती. परत न आलेल्या वस्तूंची यादी घेऊन मुलगा घरोघर गेला. भांडायला नाही, नुसतं बघायला. १७ घरं. त्याने कारणं लिहून आणली. सात जणांकडे वस्तू न्यायला वाहनच नव्हतं. खाट आणताना आम्ही पोचवली होती, परत मात्र त्यांनी आणायची, असा आमचा अजब नियम. चौघांकडे वस्तू खरंच वापरात. तीन घरांत माणूस गेलेला, आणि वस्तूला हात लावायचं कुणाचं धाडस होत नव्हतं. एकाने आमचा फोन नंबर हरवला होता. एक घर बंद. आणि एकच असा, ज्याने दार उघडून "देत नाही, काय करायचं ते करा" म्हटलं.

सतरात एक. मी मार्चमध्ये तासभर बोलले होते ते बाकीच्या सोळांबद्दलही.

टेम्पो ठरवला. महिन्यातून एक दिवस, दोन फेऱ्या. खाटा आणि खुर्च्या आम्हीच उचलून आणतो. पहिल्याच दिवशी अकरा वस्तू आल्या. दंडात, अनामतीत आणि माझ्या भाषणांत गेलेला वेळ मोजला तर अकरा आठवडे होतात. टेम्पो ठरवायला एक फोन लागला.

सोबत एक छोटी युक्ती: परतीची अंदाजे तारीख आता आम्ही सांगत नाही. वस्तू नेणाऱ्याने स्वतः ठरवायची आणि स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायची. आम्ही दोन दिवस आधी आठवण करतो. बरेच जण आमच्या अंदाजापेक्षा लवकरची तारीख लिहितात. ती पाळतातच असं नाही, पण वाढवून घ्यायला स्वतः फोन करतात. आम्हाला तेवढंच हवं असतं.

११ जुलै

एका देणगीदाराने सहा नव्या व्हीलचेअर द्यायचं कबूल केलं. अट: प्रत्येक खुर्ची देताना रुग्णासोबत फोटो. पहिली दोन कुटुंबं तयार झाली. दुसऱ्या फोटोत खुर्चीवरच्या आजोबांनी ऐन वेळी तोंड फिरवलं, फोटोत त्यांचा फक्त कान आला. देणगीदार म्हणाले, पुन्हा घेऊ. आजोबांची नात म्हणाली, खुर्ची नको.

आम्ही फोटो बंद केले. चार खुर्च्या आल्या नाहीत. त्यावरून आमच्यात जे भांडण झालं त्यात एक चांगली स्वयंसेविका गेली. तिचं म्हणणं होतं, चार माणसं बसून राहतील घरात, तुमच्या तत्त्वापायी. तिचं चूक होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही.

आणि देणगीदाराला नावं ठेवताना माझ्याच एका प्रसंगाची नोंद इथे करायला हवी. मागच्या आठवड्यात एक मुलगी वॉकर न्यायला आली. आभार नाहीत, हसणं नाही. "यापेक्षा बरा नाहीये का?" म्हणाली. घरी जाताना मी रागाने धुमसत होते. तिने काय करायला हवं होतं? मला नेमकं सांगता येईना. तिच्या आईचा पाय गेला होता, त्या दिवशी तिला कळलं होतं की तो परत यायचा नाही. ती वॉकर नेत होती, आणि मला त्या क्षणी माझा फोटो हवा होता, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे फक्त कॅमेरा नव्हता.

३० जुलै

व्हीलचेअर क्रमांक ७ सापडली. जानेवारीत दिली होती, मार्चपासून वहीत तिच्यापुढे मी लाल शाईने "चोरी" लिहिलं होतं. ज्यांनी नेली त्यांचं काम तीन आठवड्यांत झालं. शेजारच्या घरात कुणी पडलं म्हणून त्यांनी तिथे दिली. तिथून ती त्यांच्या मावशीकडे, तिथून मावशीच्या खालच्या मजल्यावर. चौथ्या घरात सापडली. चाकांत तेल, आसनावर हाताने शिवलेली गादी. सात महिन्यांत ती एक दिवसही रिकामी नव्हती. आमच्या खोलीतल्या खुर्च्या सरासरी दहा दिवस रिकाम्या उभ्या असतात.

काका म्हणाले, "राहू दे तिथेच." "चोरी" खोडून काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी मैत्रिणीने लिहिलं: "फिरतीवर."

१९ ऑगस्ट

ऑक्सिजन यंत्र कुणीतरी देऊ केलं, आम्ही नाकारलं. देणारे दुखावले. पण त्यातून येणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता तपासायला आमच्याकडे साधन नाही, किती प्रवाह ठेवायचा ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं असतं, आणि वीज गेली तर पुढे काय याचं उत्तर घरात तयार हवं. वॉकर चुकीचा दिला तर काय होतं ते आम्ही फेब्रुवारीत पाहिलं होतं. "नाही" म्हणायला मला दोन दिवस लागले. चांगल्या कामात नकार देताना आपण वाईट दिसू ही भीती असते, आणि त्या भीतीपोटी पूर्वी आम्ही औषधांच्या पिशव्या घेतल्या होत्या.

६ सप्टेंबर

जिन्यावर माझा पाय मुरगळून घोट्याचं हाड मोडलं. कुबड्या केंद्रातूनच आणल्या, जोडी क्रमांक ३. मैत्रिणीने वही पुढे केली. मी म्हणाले, मला काय लिहायला लावतेस? ती काही बोलली नाही, पेन तेवढं पुढे धरून उभी राहिली. मी लिहिलं: १८ ऑक्टोबर.

सहा आठवड्यांत लक्षात आलेलं: रस्त्यात लोक "काय झालं" विचारतात आणि उत्तर संपायच्या आत स्वतःच्या मेहुण्याच्या पायाचं सांगू लागतात. आणि दुसऱ्यांना मोजमाप शिकवणारी मी, स्वतःच्या कुबड्यांची उंची आठवडाभर चुकीची ठेवून चालत होते. काख दुखायला लागल्यावर कळलं.

११ नोव्हेंबर

प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. कुबड्या दारामागे उभ्या आहेत. केंद्र घरापासून सात मिनिटांवर. रोज ठरवते, आज नेऊ. मग वाटतं, पुन्हा मुरगळला तर? वाटतं, तिथे दोन जोड्या असतीलच की. वाटतं, रविवारी सावकाश जाऊ. खरं कारण यातलं एकही नाही, आणि खरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आज दुपारी मैत्रिणीचा फोन आला. "केंद्रातून बोलतेय," म्हणाली, "सहज फोन केला." आणि थांबली.

ते थांबणं मीच बसवलं होतं. पुढे काय होतं ते मला पाठ होतं. तरीही माझ्या तोंडून निघालं, "अगं, अजून जरा दुखतंय."

"बरं," ती म्हणाली. "टेम्पो शनिवारी आहे."

१५ नोव्हेंबर

टेम्पोच्या फेरीत जोडी क्रमांक ३ आली, माझ्या घरून. मुलाने उचलून नेली, मी जिन्यात उभी राहून बघितलं. वर्षअखेरीची मोजणीही आजच केली: एकूण वस्तू ५८, खोलीत २१, लोकांकडे ३२, भंगारात ३, फिरतीवर १, पत्ता न लागलेली १.

काकांनी माझ्या कुबड्या उलट्या करून पाहिल्या. डाव्या कुबडीचं रबर एका बाजूने झिजलं होतं. त्यांनी ते काढलं, डब्यातलं नवं बसवलं आणि जोडी भिंतीला लावून ठेवली.